कॅमेऱ्याच्या पोटातला प्रोग्रॅम

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आज कॅमेऱ्यावर बोलायचं आहे, पण फोटो कसा काढावा यावर नव्हे. कॅमेऱ्याच्या आत जो प्रोग्रॅम असतो, त्यावर. तो नवा करून घ्यावा का, जुन्यावर परत न्यावा का, आणि त्याला बाहेरची जोड द्यावी का, हे प्रश्न आम्हाला एका लग्नानं घालून दिले. म्हणून लग्नापासूनच सुरुवात करतो.

आमच्या गटाकडे कॅनन ६००डी हा कॅमेरा आहे. २०११ साली बाजारात आलेलं मॉडेल, आम्ही कोल्हापुरातून वापरलेलं घेतलं. बारशी, डोहाळजेवणं, हळदीकुंकू, शाळेचं स्नेहसंमेलन अशी कामं त्यावर होतात. नेसरीतल्याच एका लग्नात व्हिडिओचं काम आमच्याकडे आलं. आपल्याकडची मंगलाष्टकं तुम्हाला माहीतच आहेत. गुरुजींची झाली की मामाचं एक, मग आत्यानं स्वतः रचलेलं एक, मग शाळेतले कुणी सर माईक हातात घेतात. आमची एक जण स्टँडवर कॅमेरा लावून शेजारी उभी होती. पडद्यावर लाल ठिपका दिसत होता, त्यामुळं ती निर्धास्त. अक्षता पडत होत्या. शेवटचं सावधान झालं, अंतरपाट खाली आला, वाजंत्री सुरू झाली आणि तिनं पडद्याकडं बघितलं तर लाल ठिपका गायब. रेकॉर्डिंग बारा मिनिटांनी आपोआप थांबलं होतं. कार्डात जागा भरपूर होती, बॅटरीही होती. अंतरपाट खाली येतानाचा आणि हार घालतानाचा भाग तेवढा नाही.

नवरीच्या आईनं पैसे कापले नाहीत, वावगा शब्द बोलल्या नाहीत. फक्त दोनदा विचारलं, "तेवढं कुठं सापडतंय का बघा की."

शेवटी कुणाच्या तरी मोबाईलवरचं उभं चित्रण मिळालं, ते मध्ये जोडून दिलं. पण ते विचारणं आमच्या डोक्यातून जाईना.

कॅमेरा बिघडला नव्हता. तो त्याला शिकवलेलं तेवढंच करत होता. मेमरी कार्डावर माहिती ज्या पद्धतीनं मांडली जाते तिला फॅट ३२ म्हणतात, आणि त्या मांडणीत एका फाईलला चार जीबीच्या वर जाता येत नाही. आमच्या कॅमेऱ्यात चांगल्या प्रतीचा व्हिडिओ मिनिटाला साधारण ३३० एमबी जागा खातो. करा हिशोब, बारा मिनिटांत चार जीबी भरले. कार्ड ३२ जीबीचं का असेना, फाईल भरली की हा कॅमेरा थांबतो. कॅननच्या नंतरच्या मॉडेलांना, म्हणजे ६५०डी, ७००डी यांना, पहिली फाईल भरली की लगेच दुसरी उघडायला शिकवलं आहे. तरी तेही २९ मिनिटं ५९ सेकंदांना थांबतात. याचं कारण मोठं मजेशीर आहे. सलग अर्धा तास किंवा त्याहून जास्त चित्रण करणारा कॅमेरा युरोपीय संघात व्हिडिओ कॅमेरा धरला जाई आणि त्यावर जादा आयात कर लागे. कर चुकवायला कंपन्यांनी एक सेकंद आधी थांबायची सोय करून ठेवली आणि तोच कॅमेरा जगभर विकला. तिकडच्या जकातीपायी इकडं आमच्या गावात एखाद्याचं भाषण अर्धवट राहतं.

म्हणजे अडचण काचेत नव्हती, बटणात नव्हती. ती आतल्या प्रोग्रॅममध्ये होती. त्यालाच फर्मवेअर म्हणतात.

फर्मवेअर तुम्ही सगळ्यांनी बघितलेलं आहे. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स एखाद्या रात्री अचानक सांगतो की अपडेट चालू आहे, बंद करू नका. आपण वैतागून बसून राहतो. तो जे बदलत असतो ते त्याचं फर्मवेअर. कॅमेऱ्यातही एक छोटा कॉम्प्युटर असतो. बटण दाबलं की काच कुठं सरकवायची, किती उजेड घ्यायचा, मेनूत काय दाखवायचं, कुठल्या मिनिटाला थांबायचं, हे सगळं त्या कॉम्प्युटरला सांगणारा प्रोग्रॅम कारखान्यात एका चिपमध्ये लिहिलेला असतो. बॅटरी काढली, कार्ड काढलं, तरी तो तिथंच राहतो. मोबाईलमधल्या अॅपसारखा तो टाकून-काढून बघायचा नसतो, कारण कॅमेरा चालू होणंच त्याच्यावर अवलंबून आहे.

प्रत्येक फर्मवेअरला आवृत्तीचा नंबर असतो. आमच्या कॅमेऱ्यात वरची गोल चकती एम वर ठेवून मेनू उघडला की सेटिंगच्या पानावर फर्मवेअर व्हर्जन अशी ओळ दिसते. आमच्याकडे तिथं १.०.१ होतं. निकॉनमध्येही सेटअप मेनूत तशीच ओळ असते, पण काही मॉडेलांत ए, बी आणि एल अशी तीन अक्षरं आणि प्रत्येकाचा वेगळा नंबर दिसतो, त्यानं घाबरून जाऊ नका. त्यातलं एल हे लेन्समुळं येणारा वाकडेपणा सरळ करण्याच्या माहितीचं आहे. आज हे भाषण ऐकून झाल्यावर दुसरं काही नाही केलंत तरी चालेल, पण आपल्या कॅमेऱ्याचं पूर्ण नाव आणि हा नंबर एका कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवा. पुढं जे काही सांगणार आहोत त्यातल्या निम्म्या चुका या दोन गोष्टी माहीत नसल्यानं होतात.

नाव पूर्ण लिहा असं का म्हणतो, तर ६००डी आणि ६०डी हे दोन निराळे कॅमेरे आहेत, एका शून्याचा फरक. एकाची फाईल दुसऱ्याला चालत नाही. उलट आमचाच ६००डी अमेरिकेत रिबेल टी३आय आणि जपानमध्ये किस एक्स५ या नावानं विकला गेला. कुणाच्या दिरानं, भावानं परदेशातून आणलेला कॅमेरा असला तर वर वेगळं नाव असून आत तोच कॅमेरा असू शकतो.

कॅमेऱ्याच्या आत हात घालणं कोल्हापूरला काही नवीन नाही, हे जाता जाता सांगायला हवं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी मुंबईच्या चोरबाजारातून जुना प्रोजेक्टर आणला आणि त्यावरून आपला स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीनं १९१८ च्या सुमारास तो पुरा केला, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, तो बघताना आम्हाला नेहमी वाटतं की दुकानातून आणलेली वस्तू हवी तशी करून घेण्याची खोड इथल्या पाण्यातच असावी. फरक इतकाच की त्यांच्याकडं लेथ होती, आपल्याकडं मेमरी कार्ड आहे.

आता अपडेटचं. कंपनी नवी आवृत्ती का काढते? कधी आधीचा दोष दुरुस्त करायला, कधी नव्या लेन्सशी जुळवून घ्यायला, आणि क्वचित खरोखर नवी सोय द्यायला. कॅननचा ५डी मार्क २ हा कॅमेरा २००८ साली आला तेव्हा तो सेकंदाला ३० चित्रं एवढ्याच वेगानं व्हिडिओ घेई. आपल्याकडच्या टीव्हीचा वेग २५, सिनेमाचा २४. लोकांनी ओरड केली आणि मार्च २०१० मध्ये कंपनीनं फर्मवेअर काढून २४ आणि २५ दोन्ही दिले. नवा कॅमेरा न घेता कॅमेरा सुधारला. पण त्यातली पुढची गोष्टही ऐका. ती पहिली आवृत्ती २.०.३ होती. तिच्यात ठराविक सेटिंगवर आवाजच रेकॉर्ड होत नाही असा दोष निघाला, कंपनीनं ती मागं घेतली आणि थोड्याच दिवसांत २.०.४ दिली. ज्यांनी घाईनं पहिल्याच दिवशी टाकली असेल आणि दुसऱ्या दिवशी कुणाची मुलाखत घेतली असेल, त्यांचं काय झालं असेल? म्हणून आमचा नियम असा की नवी आवृत्ती आली की महिनाभर थांबायचं, आणि कामाच्या आदल्या दिवशी तर कधीच टाकायची नाही.

कधी कधी मात्र न थांबता टाकावी. ऑगस्ट २०१९ मध्ये चेक पॉईंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी कॅननच्या ८०डी या कॅमेऱ्यात वायफायवरून शिरून आतले सगळे फोटो कुलूपबंद करून दाखवले. पैसे द्या मग फोटो मिळतील, अशी धमकी कॅमेऱ्याच्या पडद्यावर. हे त्यांनी धोका दाखवण्यासाठी केलं होतं. कॅननला आधी कळवलं, आणि कॅननने फर्मवेअर दुरुस्त करून दिलं. तुमच्या कॅमेऱ्याला वायफाय असेल तर अशी सुरक्षेची आवृत्ती टाकून घ्यावी, आणि गरज नसेल तेव्हा वायफाय बंदच ठेवावं. आमच्या ६००डीला वायफाय नाही. गरिबीचा हा एक फायदा.

टाकायची पद्धत अवघड नाही, धीराची आहे. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवर आपलं मॉडेल निवडून फाईल उतरवायची. कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली फाईल नको. आपल्याकडं पावसात लाईट आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो, त्यामुळं उतरवताना मध्येच तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून उतरवा. साईटवर फाईलचा आकार दिलेला असतो, त्याच्याशी ताडून बघा. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, आधी त्यातले फोटो काढून घेऊन, हे सांगायला नको. मग कॉम्प्युटरवर ती फाईल कार्डात ठेवायची, पण कुठल्याही फोल्डरच्या आत नको, कार्ड उघडल्याबरोबर दिसेल अशी मोकळी. कॅननच्या फाईलच्या नावाचा शेवट डॉट एफआयआर असा असतो. कार्ड कॅमेऱ्यात घालून मेनूतली तीच फर्मवेअर व्हर्जनची ओळ दाबली की कॅमेरा जुना नंबर आणि नवा नंबर दाखवून विचारतो, बदलू का? हो म्हटलं की काही मिनिटं एक पट्टी सरकत राहते. सोनीच्या जुन्या कॅमेऱ्यांत हे कार्डावरून होत नाही, केबलनं कॉम्प्युटरला जोडूनच करावं लागतं.

त्या काही मिनिटांत काय होतं ते नीट समजून घ्या. चिपवरचा जुना प्रोग्रॅम पुसला जातो आणि नवा लिहिला जातो. मध्येच बॅटरी संपली, कुणी स्विच बंद केला, पोरानं कार्डाचं झाकण उघडलं, तर जुना गेलेला असतो आणि नवा पुरा झालेला नसतो. कॅमेरा मग चालूच होत नाही. या धंद्यात त्याला वीट झाली म्हणतात, भिंतीत बसवण्यापलीकडं उपयोग नाही असा अर्थ. कंपनीच्या केंद्रात न्यावा लागतो, आणि जुन्या कॅमेऱ्याची दुरुस्ती पुष्कळदा त्याच्या किमतीच्या आसपास जाते. म्हणून बॅटरी पूर्ण भरलेली हवी, आणि शक्यतो मूळ कंपनीची. स्वस्तातल्या बॅटऱ्या पडद्यावर भरलेल्या दिसतात आणि ताण आला की एकदम खाली बसतात. आमच्याकडं दोन बॅटऱ्या होत्या, एक अशीच स्वस्तातली. अपडेट करायचं म्हटल्यावर ती आम्ही सरळ बाजूला ठेवली. दार लावून, पोरांना बाहेर पाठवून, कॅमेरा टेबलावर ठेवून चौघी जणी दूध उतू जाऊ नये म्हणून बघत बसतात तशा बसलो होतो. १.०.१ चं १.०.२ झालं. फोटोत काही फरक पडला नाही, आणि पडायचाही नव्हता.

मग केलं कशाला? तर ज्या जोडीची आम्हाला गरज होती ती फक्त १.०.२ वर चालते.

त्या जोडीचं नाव मॅजिक लँटर्न. २००९ साली ट्रॅमेल हडसन या माणसानं ५डी मार्क २ साठी ती लिहायला घेतली, कारण त्याला सिनेमा करायचा होता आणि त्या कॅमेऱ्यात आवाजाची सोय तोकडी होती. पुढं पुष्कळ जणांनी हात लावला. फुकट आहे, आणि तिचा सगळा प्रोग्रॅम उघडा आहे, कुणीही वाचावा. नावावरून कुणाला आठवलं असेल, मॅजिक लँटर्न म्हणजे आपली शांबरिक खरोलिका. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ या नावानं गावोगाव दाखवले होते.

ही जोड कॅमेऱ्याचा मूळ प्रोग्रॅम पुसत नाही, आणि आजच्या भाषणातली हीच गोष्ट नीट ध्यानात ठेवायची आहे. कार्डात एक फोल्डर आणि ऑटोएक्झेक डॉट बिन नावाची एक फाईल असते. कॅमेरा चालू झाला की आधी कार्ड बघतो, ती फाईल दिसली की मूळ प्रोग्रॅमच्या जोडीनं तिलाही उठवतो. साधं कार्ड घातलं तर कॅमेरा नेहमीसारखा. कॅमेऱ्याच्या आत फक्त एक खूण बदलते, चालू होताना कार्डाकडं बघ, एवढीच. जोड मूळ प्रोग्रॅमच्या शेजारी बसून काम करते, म्हणून मूळ प्रोग्रॅममधली कुठली गोष्ट नेमकी कुठं ठेवली आहे हे तिला तंतोतंत माहीत असावं लागतं. आवृत्ती बदलली की त्या जागा सरकतात. शेजारीण आपल्या स्वयंपाकघरात आली आणि मागच्या आठवड्यात डबे हलवलेले असले तर तिनं मिठाच्या जागी साखर टाकावी, तसं. म्हणून आवृत्तीचा हट्ट.

बसवताना त्या जोडीच्या फाईली कार्डात ठेवून पुन्हा तीच फर्मवेअर व्हर्जनची ओळ दाबावी लागते. बसली की कॅमेरा पडद्यावर तसं सांगतो, मग बंद करून चालू करायचा. त्यानंतर फोटो पुसायचं जे कचऱ्याच्या डब्याचं बटण आहे ते दाबलं की जोडीचा मेनू उघडतो. आमच्या कामाचं त्यात काय होतं? पहिलं, चार जीबी भरून रेकॉर्डिंग थांबलं की आपोआप पुन्हा सुरू करायची सोय. दुसरं, आवाजाच्या पट्ट्या, त्यामुळं माईकचा आवाज फाटतो आहे का ते दिसतं. तिसरं, जे स्पष्ट दिसतं आहे त्याच्या कडांवर रंगीत ठिपके, म्हणजे चष्मा लागलेल्या आमच्यासारख्यांना फोकस कळतो. आणि दर अमुक सेकंदांनी आपोआप फोटो घेण्याची सोय. तिच्यावर आम्ही भाताचा तरवा लावण्याचा पूर्ण दिवस दोन मिनिटांत बसवला, तो बघून पोरं खिदळत होती.

पण जाहिरात करायला बसलेलो नाही, म्हणून खरं सांगतो. रेकॉर्डिंग पुन्हा सुरू होतं खरं, पण मध्ये काही सेकंद जातात. ते सेकंद नेमके अंतरपाटाचे निघाले तर पुन्हा तेच. जोडीनं आमचा प्रश्न अर्धाच सुटला. उरलेला अर्धा आम्ही घड्याळानं सोडवतो. शेवटचं मंगलाष्टक सुरू होताना स्वतःच थांबवून नवी फाईल सुरू करायची. कुणी म्हणेल, मग हे आधीच केलं असतं तर एवढा खटाटोप कशाला? बरोबर आहे. ज्यांना तेवढ्यानं भागतं त्यांनी कॅमेऱ्याला हातही लावू नये.

आता आमची फजिती. एका हळदीच्या सकाळी कॅमेरा चालूच होईना. दिवा नाही, पडदा नाही, काही नाही. बॅटरी बदलली, तरी नाही. पाहुणे जमलेले, मांडवात गाणी सुरू. आमच्या पोटात गोळा आला, झाली वीट. गटातल्या एका आक्कांचा भाचा पुण्यात असतो, त्याला फोन लावला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, कार्ड कुणी पुसलं का?" पुसलं होतं. आदल्या रात्री आमच्यातल्या एकीनं फोटो कॉम्प्युटरवर घेतले आणि कार्ड रिकामं करताना सगळं निवडून डिलीट केलं. त्यात जोडीचं फोल्डर आणि ती ऑटोएक्झेक फाईलही गेली. पण कार्डावर हे कार्ड जोडीचं आहे अशी जी खूण असते ती फाईली पुसल्यानं जात नाही. कॅमेरा खूण बघून फाईल शोधत बसला, फाईल नाही, म्हणून पुढंच जाईना. कार्ड बाहेर काढलं, बॅटरी काढून पुन्हा घातली, दुसरं साधं कार्ड टाकलं आणि कॅमेरा उठला. हळद लागली. नंतर कॉम्प्युटरवरून त्या कार्डात फाईली परत ठेवल्या, तर तेही पूर्ववत.

म्हणून जोडीचं कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावं. तिथं जोड विचारते, फोटो पुसताना मला ठेवू का? हो म्हणावं. दुसरी काळजी झाकणाची. आपल्याला सवय असते, कॅमेरा बंद केला की लगेच झाकण उघडून कार्ड ओढायचं. जोड चालू असेल तर झाकण उघडल्यावर लाल दिवा विझेपर्यंत, निदान पाच सेकंद, थांबायचं. घाईनं ओढलं तर कॅमेरा आतल्या आत अडकतो, पिशवीत गरम होत राहतो आणि बॅटरी संपवतो. आणि एखाद्या कामाला जोड नकोच असेल तर कॅमेरा चालू करताना मधलं सेट बटण दाबून धरायचं. जोड उठत नाही.

मागं नेण्याचा, म्हणजे डाऊनग्रेडचा प्रश्न आमच्यावर आला नाही, पण गडहिंग्लजकडच्या एका ओळखीच्या फोटोग्राफरवर आला. त्यांच्याकडं ५डी मार्क ३ आहे. त्यात त्यांनी चांगल्या हेतूनं नवीन १.३.३ टाकलं होतं. जोड मात्र १.१.३ किंवा १.२.३ वरच बसते. कॅमेऱ्याच्या मेनूतून जुनी फाईल टाकायला गेले तर कॅमेरा ती घेईना. १.३.३ वरून खाली यायला कॅमेरा केबलनं कॉम्प्युटरला जोडून कॅननचा ईओएस युटिलिटी हा प्रोग्रॅम वापरावा लागतो. शिवाय किती खाली यायचं हेही ठरवावं लागतं. एचडीएमआय वायरीतून स्वच्छ चित्र बाहेर देण्याची सोय कॅननने १.२.१ मध्ये दिली होती. लग्नात मोठ्या पडद्यावर थेट दाखवायला ती लागते. १.१.३ वर गेले असते तर ती गेली असती, म्हणून ते १.२.३ वर थांबले. कंपनीच्या साईटवर सहसा ताजी आवृत्तीच असते, जुनी फाईल दुसरीकडून शोधावी लागते, आणि तिथं भेसळीचा धोका. आमचं मत स्पष्ट आहे. कॅमेरा नीट चालत असेल तर पुढं जाण्याआधीच विचार करा, म्हणजे मागं यायची वेळ येत नाही.

ज्यांच्याकडं मोठा कॅमेरा नाही त्यांनी कपाट उघडून बघा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला कॅननचा छोटा इक्सस किंवा पॉवरशॉट पडून असेल. त्यासाठी सीएचडीके नावाची तशीच फुकट जोड आहे, तीही कार्डावरच राहते. तिची युक्ती आम्हाला फार आवडली. एसडी कार्डाच्या कडेला एक बारीक सरकपट्टी असते, ती लॉकवर सरकवली की कार्डावर काही लिहिता येत नाही असं आपण समजतो. या कॅमेऱ्यांत ती लॉकवर असेल तर जोड आपोआप उठते, आणि फोटोही साठवले जातात. पट्टी परत वर केली की कॅमेरा कंपनीचा. या छोट्या कॅमेऱ्यांना सहसा अपडेट येत नाहीत, त्यामुळं मागंपुढं काही करायचं नसतं. आपल्या कॅमेऱ्यात कुठली आवृत्ती आहे ते बघून तिला जुळणारी फाईल घ्यायची, झालं. या जोडीत हालचाल ओळखून फोटो घेण्याची सोय आहे. वळवाच्या पावसात खिडकीत स्टँडवर ठेवून लोक विजेचे फोटो तिच्यावर काढतात.

एक सावधगिरी राहिली. प्रत्येक जोड अशी कार्डावर राहणारी नसते. पॅनासॉनिकच्या जीएच२ कॅमेऱ्यासाठी लोकांनी मूळ फर्मवेअरच बदलून नवी फाईल तयार केली होती, जास्त चांगल्या प्रतीचा व्हिडिओ मिळावा म्हणून. ती टाकणं म्हणजे चिपवरचं पुसून दुसरं लिहिणं. अपडेटचे सगळे धोके तिथं, आणि पाठीशी कंपनीही नाही. म्हणून दुकानात कुणी पोरगा म्हणाला, "काकू, दोनशे रुपयांत सॉफ्टवेअर टाकून देतो," तर त्याला एकच विचारा. हे कार्डात राहणार की कॅमेऱ्यात? त्याला सांगता आलं नाही तर कॅमेरा परत पिशवीत घाला. वॉरंटीत असलेल्या कॅमेऱ्याला, आणि शाळेच्या, पंचायतीच्या किंवा उसन्या आणलेल्या कॅमेऱ्याला तर असलं काही करूच नये.

जोड नको झाली तर काढताही येते. जोडीचं कार्ड घालून मेनूतली फर्मवेअर व्हर्जनची ओळ पुन्हा दाबायची आणि पडद्यावरच्या सूचना वाचत जायचं, म्हणजे कॅमेऱ्यातली ती खूण पुसली जाते. कॅमेरा विकायचा असेल तर हे आठवणीनं करा, नाहीतर घेणाऱ्याची आमच्यासारखी फजिती व्हायची. आमच्या पिशवीत सध्या दोन कार्डं आहेत. जोडीच्या कार्डावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे, साध्यावर काही नाही. लाल ठिपक्याचं कार्ड कुणीही कॉम्प्युटरवर पुसायचं नाही, एवढं गटात ठरलं आहे.